सवय कोणाची, नियम कोणाचा? लिनक्सच्या आंतरराष्ट्रीय मानकाचा इतिहास आणि आपण



‘प्रमाण’ हा शब्द आपल्या कानाला गोड लागत नाही आणि त्याला कारण आहे. वर्गात ‘पाणी’ला ‘पानी’ म्हणणाऱ्या पोराला हसणारी जी मराठी होती, तिचे नाव प्रमाण मराठी. कुठल्या शहरातल्या कुठल्या घरांतली बोली पुस्तकात गेली आणि कुठल्या वस्तीतली बोली ‘अशुद्ध’ ठरली, हे आपल्याला कोणी शिकवावे लागत नाही. त्यामुळे तरुणांच्या अभ्यासवर्गात आम्ही तंत्रज्ञानातील मानकांचा विषय काढतो तेव्हा पहिला प्रश्न हमखास येतो: आता आणखी एक प्रमाण आमच्या डोक्यावर कशाला?

प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर घोषणेत मिळणार नाही, इतिहासात मिळेल. लिनक्स ही ओपन सोर्स ऑपरेटिंग सिस्टीम. तिचा कोड कोणीही वाचावा, बदलावा, वाटावा अशी तिची अट. या सिस्टीमचे आंतरराष्ट्रीय मानक बनवण्याचा एक मोठा प्रयत्न १९९८ ते २०१५ या काळात झाला. तो प्रयत्न वर आला, आयएसओच्या शिक्क्यापर्यंत पोहोचला आणि नंतर थंडावला. आमचे म्हणणे असे की हा इतिहास संगणक अभियंत्यांपुरता नाही. कोणत्याही मानकाला विचारायचे चार प्रश्न तो आपल्या हाती देतो. मानक वाचायला कोणाला मिळते? ते नसेल तर राज्य कोणाचे चालते? त्यात कोणाची सवय नियम म्हणून शिरते? आणि लिहून झाल्यावर ते वापरते कोण?

वाचायला पैसे लागणारा नियम

गोष्ट युनिक्सपासून सुरू होते. १९६९ मध्ये अमेरिकेतील बेल लॅब्जमध्ये केन थॉम्प्सन आणि डेनिस रिची यांनी युनिक्स ही ऑपरेटिंग सिस्टीम घडवायला सुरुवात केली. मालक कंपनी एटी अँड टी. १९५६ च्या एका न्यायालयीन तडजोडीमुळे या कंपनीला संगणकाच्या धंद्यात उतरता येत नव्हते. म्हणून युनिक्स विद्यापीठांना अल्प दरात आणि सोर्स कोडसह मिळे. बर्कली येथील कॅलिफोर्निया विद्यापीठाने त्यात मोलाची भर घातली. १९८४ मध्ये कंपनीचे विभाजन झाले, बंधन सुटले आणि आतापर्यंत ज्ञान म्हणून फिरणारी गोष्ट विक्रीचा माल झाली. सन, आयबीएम, एचपी, डेक अशा प्रत्येक कंपनीचे आपापले युनिक्स आले. एकाच्या युनिक्सवर लिहिलेला प्रोग्राम दुसऱ्याच्या युनिक्सवर नीट चालेल याची खात्री उरली नाही. १९८८ मध्ये तर उघड दोन तट पडले. एका बाजूला एटी अँड टी आणि सन, दुसऱ्या बाजूला आयबीएम, डेक, एचपी आणि मंडळी. संगणकाच्या इतिहासात याला ‘युनिक्स युद्धे’ म्हणतात.

याच १९८८ मध्ये आयईईई या अभियंत्यांच्या संस्थेने एक मानक काढले, पॉझिक्स. सिस्टीम कोणाचीही असो, प्रोग्रामने तिच्याकडे फाइल कशी मागायची, नवे काम कसे सुरू करायचे, याचे समान नियम त्यात होते. १९९० मध्ये ते आयएसओचेही मानक झाले. ‘पॉझिक्स’ हे नाव सुचवले रिचर्ड स्टॉलमन यांनी. म्हणजे ज्याने १९८३ मध्ये ‘ग्नू’ची घोषणा करून सॉफ्टवेअरच्या स्वातंत्र्याची चळवळ उभी केली, त्याच माणसाने. बंधने तोडायला निघालेल्या माणसाला समान नियमाचे वावडे नव्हते, हे लक्षात ठेवावे.

आता १९९१ मध्ये या. फिनलंडमधील हेलसिंकी विद्यापीठाचा एकवीस वर्षांचा विद्यार्थी लिनस टोरवाल्ड्स स्वतःची सिस्टीम लिहीत होता. जुलै महिन्यात त्याने इंटरनेटवर विचारणा केली: पॉझिक्सचे नियम कुठे वाचायला मिळतील का? ते मिळत होते, पण विकत. शेवटी विद्यापीठात असलेली सन कंपनीच्या युनिक्सची माहितीपुस्तके चाळून त्याने काम भागवले. पुढच्याच महिन्यात, २५ ऑगस्टला, त्याने आपली सिस्टीम जगासमोर मांडली. तेच लिनक्स.

या प्रसंगाकडे ‘हुशार मुलाची जिद्द’ म्हणून पाहायची पद्धत आहे. आम्हाला त्यात दुसरे दिसते. सर्वांसाठी म्हणून लिहिलेला नियम वाचायलाच पैसे लागत होते. विद्यापीठाच्या कपाटात दुसरी पुस्तके होती म्हणून वाट निघाली. ज्याच्या वाट्याला तसे कपाट येत नाही त्याने काय करावे? पुस्तकाची किंमत आणि जातीने घातलेली ज्ञानबंदी एकच आहे असे आम्ही म्हणणार नाही. तसे म्हणणे आपल्या पूर्वजांनी सोसलेल्याला हलके करणे होईल. पण जो नियम आपल्याला लागू आहे तो आपल्याला वाचता येत नाही, ही स्थिती आपल्या ओळखीची आहे.

खुले झाले, पण एकमेकांना अनोळखी झाले

१९९२ मध्ये लिनक्स ‘जीपीएल’ या परवान्याखाली आले. या परवान्याचा गाभा साधा आहे: कोड घ्या, बदला, वाटा, पण पुढच्यालाही तोच हक्क द्या. त्यानंतर लिनक्सचे अनेक संच तयार झाले. त्यांना डिस्ट्रो म्हणतात. १९९३ मध्ये स्लॅकवेअर आले, त्याच वर्षी इयन मर्डॉक यांनी डेबियन सुरू केले, मग रेड हॅट, सुसे आणि असे कितीतरी. सगळ्यांच्या पोटात लिनक्सच. पण कोणी सेटिंगची फाइल एका ठिकाणी ठेवी, कोणी दुसऱ्या. लायब्ररीच्या, म्हणजे अनेक प्रोग्राम मिळून वापरतात त्या तयार कोडच्या, आवृत्त्या वेगळ्या. सॉफ्टवेअर बसवण्याच्या पॅकेजचे स्वरूपही वेगळे.

विविधता वाईट नाही. पण समान नियम नसले की समता येते, असे कोणी समजत असेल तर ती भाबडी समजूत आहे. समान नियम नसले की मोठ्याचा नियम चालतो. सॉफ्टवेअर विकणाऱ्या कंपन्या सगळ्या डिस्ट्रोंवर आपला माल तपासत बसेनात. ‘आमचे सॉफ्टवेअर रेड हॅटवर आणि सुसेवर चालते’ एवढे सांगून मोकळ्या होऊ लागल्या. कागदावर काहीच ठरले नव्हते, कुठेही मतदान झाले नव्हते. तरी बाजारातल्या बड्या डिस्ट्रोची सवय हाच नियम झाला.

आपल्या भाषेत याला रूढी म्हणतात. लिहिलेल्या नियमाला निदान बोट लावून दाखवता येते, त्याविरुद्ध दाद मागता येते, तो जाळताही येतो. न लिहिलेल्या रूढीला पत्ताच नसतो. ‘आमच्याकडे असेच चालते’ हे वाक्य ज्यांनी गावात ऐकले आहे त्यांना हे अधिक सांगायला नको.

ही रूढी मोडण्याचे पहिले काम फाइलींच्या जागा ठरवण्यापासून झाले. फेब्रुवारी १९९४ मध्ये काही स्वयंसेवकांनी, डॅन क्विनलन यांच्या पुढाकाराने, फाइल रचनेचे मानक जाहीर केले. सेटिंग कुठे राहतील, नोंदी कुठे साठतील, सर्वांच्या वापराचे प्रोग्राम कुठे असतील, हे त्यात होते. मग १९९८ मध्ये मोठा संकल्प सुटला, ‘लिनक्स स्टँडर्ड बेस’ म्हणजे एलएसबी. २००० मध्ये त्यासाठी ‘फ्री स्टँडर्ड्स ग्रुप’ ही ना-नफा संस्था स्थापन झाली. जून २००१ मध्ये एलएसबीची पहिली आवृत्ती आली. तिची संहिता कोणालाही फुकट वाचता येत होती. दहा वर्षांपूर्वी हेलसिंकीच्या विद्यार्थ्याला जी अडचण आली होती, ती निदान इथे दूर झाली.

दाराचे माप ठरवा, घराचे नको

एलएसबीत नेमके काय होते? पॉझिक्सने प्रोग्राम लिहिण्याचे नियम दिले होते. एलएसबी एक पायरी पुढे गेले. तयार झालेला प्रोग्राम, पुन्हा न घडवता, कुठल्याही डिस्ट्रोवर जसाच्या तसा चालला पाहिजे. त्यासाठी कोणत्या लायब्ररी असल्याच पाहिजेत, त्यांत कोणकोणती कामे मिळाली पाहिजेत, प्रोग्रामच्या फाइलचा साचा कसा हवा, कोणत्या आज्ञा हव्यात, हे तपशिलाने लिहिले. बल्ब कोणत्याही कंपनीचा असो, तो होल्डरमध्ये बसला पाहिजे, असे ते माप. बल्बच्या आत काय आहे याच्याशी मापाला कर्तव्य नाही.

प्रमाण भाषा आणि असे मानक यांतला फरक इथे दिसतो. प्रमाण भाषा सांगते की तू घरातही असेच बोल, नाहीतर तू अडाणी. चांगले मानक सांगते की तू आत कसाही राहा, चौकात भेटताना एवढ्या गोष्टी समान ठेवू. आपला स्वभाव कायम ठेवून सर्वांना व्यवहारात समान उभे राहता येईल, एवढेच त्याचे काम. कुठलेही मानक यापेक्षा जास्त मागायला लागले की आपण सावध व्हावे.

नुसते लिहून भागत नाही, म्हणून एलएसबीबरोबर चाचण्याही होत्या. डिस्ट्रोने चाचण्या चालवायच्या, पास झाल्यावर प्रमाणपत्र मिळवायचे. या चाचण्यांवर टीकाही झाली. २००५ मध्ये लिनक्सच्या मूळ सी लायब्ररीचे प्रमुख उल्रिख ड्रेपर यांनी उघडपणे विचारले की चाचण्याच सदोष असतील तर या मानकाला अर्थ काय? ही टीका झोंबणारी होती, पण ती करता आली, कारण संहिता आणि चाचण्या दोन्ही सर्वांसमोर होत्या.

पुढचा टप्पा आयएसओचा. तिथे संगणकविषयक मानकांसाठी आयएसओ आणि आयईसी या दोन संस्थांची संयुक्त समिती आहे. बाहेरच्या मान्यताप्राप्त संस्थेने तयार करून जाहीर केलेली संहिता तिथे थेट मतदानाला मांडता येते. मतदान देश करतात, एका देशाला एक मत. फ्री स्टँडर्ड्स ग्रुपने हा मार्ग धरला आणि २००६ मध्ये एलएसबी ३.१ हे ‘आयएसओ/आयईसी २३३६०’ म्हणून प्रसिद्ध झाले. एक सामाईक भाग आणि सात प्रकारच्या प्रोसेसरसाठी सात भाग, असे आठ भाग. पॉझिक्स आणि एलएसबी यांच्यात कुठे कुठे विसंगती आहे, याचा स्वतंत्र तांत्रिक अहवालही त्याच वर्षी निघाला. आपल्याच नियमांतले अंतर्विरोध लिहून छापणे, ही सवय आपल्याकडच्या अनेक संघटनांनीही घेण्यासारखी आहे.

स्वयंसेवकांनी आणि कंपन्यांनी मिळून घडवलेल्या, कोणाच्याही मालकीच्या नसलेल्या सिस्टीमला आंतरराष्ट्रीय मानक मिळाले. सरकारी खरेदीच्या दृष्टीने याला महत्त्व होते. ‘मानक कुठे आहे?’ असे विचारणाऱ्या अधिकाऱ्यासमोर आता क्रमांक ठेवता येत होता. जानेवारी २००७ मध्ये फ्री स्टँडर्ड्स ग्रुप आणि दुसरी एक संस्था एकत्र येऊन ‘लिनक्स फाउंडेशन’ झाली आणि हे काम तिच्याकडे गेले.

सवय कोणाची?

आता तिसरा प्रश्न. सॉफ्टवेअर कोणत्या पॅकेजमधून द्यायचे, हे एलएसबीला ठरवायचे होते. दोन मोठे प्रकार होते. रेड हॅटकडून आलेला ‘आरपीएम’ आणि डेबियनचा ‘डेब’. मानकाने आरपीएम निवडला. कारण व्यवहारी होते: मोठ्या विक्रेत्या डिस्ट्रो आरपीएमवर होत्या. डेबियन ही कंपनी नव्हती. जगभरातील स्वयंसेवकांचा तो समूह होता, स्वतःची लिखित घटना आणि मतदानाने नेता निवडण्याची पद्धत असलेला. त्या समूहाला सांगण्यात आले की तुमचा प्रकार राहू द्या, पण आरपीएम तुमच्याकडे बसवता आला पाहिजे. डेबियनवाल्यांनी ‘एलियन’ नावाच्या साधनाने आरपीएमचे रूपांतर करून वेळ निभावली.

मानकात अन्याय कसा शिरतो याचा हा नमुना आहे. कोणी दुष्ट हेतूने बसले नव्हते. बहुतेकांची जी सवय होती, तीच सोयीची वाटली आणि तीच नियम झाली. ज्याची सवय नियम झाली त्याला काहीच करावे लागले नाही. ज्याची झाली नाही त्याला कायमचे एक जास्तीचे साधन बाळगावे लागले. प्रमाण मराठीच्या वर्गात आपली मुले हेच जास्तीचे साधन दप्तरात घेऊन जातात: घरची बोली एक आणि शाळेत बोलायची दुसरी.

पण गोष्ट इथे संपत नाही. २००६ मध्ये डेबियनचे संस्थापक इयन मर्डॉक हेच फ्री स्टँडर्ड्स ग्रुपचे तंत्रप्रमुख आणि एलएसबीचे अध्यक्ष झाले. म्हणजे ज्याच्या घराचा प्रकार डावलला गेला तो टेबल सोडून गेला नाही, टेबलाच्या मुख्य खुर्चीवर जाऊन बसला. आपल्या देशातील सी-डॅक या सरकारी संस्थेने डेबियनवर आधारित ‘बॉस लिनक्स’ तयार केले, त्यालाही एलएसबीचे प्रमाणपत्र मिळाले. नियम आपल्या सवयीचा नसतानाही त्यात पास होता येते, हे खरे. पण पास होणे आणि नियम लिहिणे यांतला फरक आपण विसरू नये.

टेबलावर कोण बसते हे किती निर्णायक असते, ते याच सुमारास एका शेजारच्या वादात दिसले. कार्यालयीन दस्तऐवजांसाठी ‘ओडीएफ’ हे खुले मानक २००६ मध्ये आयएसओने स्वीकारले होते. लगेच मायक्रोसॉफ्टने आपल्या स्वरूपाचे मानक, सुमारे सहा हजार पानांचे, झटपट मंजुरीच्या मार्गाने पुढे आणले. सप्टेंबर २००७ च्या मतदानात ते नापास झाले. स्वीडनच्या मानक संस्थेला तर आपले मतदानच रद्द ठरवावे लागले, कारण एका सदस्याने एकापेक्षा जास्त मते दिली होती. भारताने भारतीय मानक ब्यूरोमार्फत विरोधात मत दिले आणि मार्च २००८ मध्ये ते कायम ठेवले. तरीही मानक मंजूर झाले. भारत, ब्राझील, दक्षिण आफ्रिका आणि व्हेनेझुएला या चार देशांनी अपील केले. ऑगस्ट २००८ मध्ये ते फेटाळले गेले.

चारही देश कोणत्या खंडांतले आहेत ते पाहा. आणि भारताच्या बाजूने अभिमान वाटत असतानाच एक प्रश्न स्वतःला विचारा. ब्यूरोच्या समितीत सरकारी खाती, कंपन्या, शिक्षणसंस्था यांना जागा असते. या संस्थांच्या वरच्या पायऱ्यांवर कोण बसले आहे, हे आपल्याला माहीत आहे. जगाच्या टेबलावर भारत वंचित असेल. भारताच्या टेबलावर वंचित कोण, हा प्रश्न आपल्यालाच विचारावा लागणार.

लिहिलेला नियम वापरला नाही तर

आता चौथा प्रश्न. जून २०१५ मध्ये एलएसबी ५.० आले. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये डेबियनने एलएसबीचा बहुतेक आधार काढून टाकला. कारण रागाचे नव्हते. एलएसबीप्रमाणे प्रमाणित झालेली सॉफ्टवेअर हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी होती. एवढ्यासाठी स्वयंसेवकांनी राबायचे कशाला? ज्या कंपन्यांच्या सोयीसाठी हे मानक मुख्यतः लिहिले गेले, त्याच ते वापरत नव्हत्या. तोवर सॉफ्टवेअर आपल्याबरोबर सगळा लवाजमा घेऊन फिरण्याची ‘कंटेनर’ची पद्धत आली होती आणि सिस्टीम सुरू होण्याची जी रीत एलएसबीत वर्णिली होती तीच बदलत चालली होती. २०२१ मध्ये आयएसओने एलएसबी ५.० वर आधारलेली नवी आवृत्ती छापली. म्हणजे कागदावर मानक जिवंत आहे, कामाच्या जागी त्याचे थोडे अवशेष उरले आहेत.

कागदावरचा नियम आणि पाण्यापर्यंत पोहोचलेला हात यांतले अंतर महाडने आपल्याला शिकवले आहे. ४ ऑगस्ट १९२३ रोजी सी. के. बोले यांचा ठराव मुंबई कायदेमंडळात मंजूर झाला. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले. जानेवारी १९२४ मध्ये महाड नगरपालिकेनेही चवदार तळे खुले केल्याचा ठराव केला. पाणी मात्र कोणी पिऊ शकत नव्हते. २० मार्च १९२७ ला बाबासाहेबांनी हजारोंच्या साक्षीने ओंजळ भरली, तेव्हा ठरावाला अर्थ आला. त्यानंतरही न्यायालयाचा अंतिम निकाल लागायला १९३७ उजाडले.

दोन्ही गोष्टींचा तोल वेगळा आहे, हे मान्य. एक माणूसपणाचा लढा, दुसरी यंत्राची जुळणी. तरी नियमाच्या जीवनाविषयी दोन्ही एकच सांगतात. महाडमध्ये ज्यांच्यासाठी ठराव होता ते जीव धोक्यात घालून वापरायला गेले, म्हणून तो टिकला. एलएसबी ज्यांच्यासाठी होते ते वापरायला गेले नाहीत, म्हणून आयएसओचा शिक्का असूनही ते विझत गेले.

‘ॲ’ची गोष्ट

कोणी म्हणेल, हे सगळे अमेरिका-युरोपचे. आपल्या वस्तीशी याचा संबंध काय? संबंध एका अक्षराइतका जवळ आहे.

संगणकात प्रत्येक अक्षराला क्रमांक देणारे मानक म्हणजे युनिकोड. १९९१ पासून त्यात देवनागरी आहे; तिची मांडणी ‘इस्की’ या भारतीय मानकावरून घेतली गेली. पण मराठीतले ‘ॲ’ हे अक्षर त्यात स्वतंत्रपणे आले २००८ मध्ये. सतरा वर्षे मराठी माणसे ‘अ’ला वर चंद्र जोडून काम भागवत होती, कोणी नुसता चंद्र, कोणी मध्ये एक अदृश्य जोडचिन्ह टाकून. आज तिन्ही प्रकार वापरात आहेत. दिसायला सारखे, यंत्राच्या आत वेगळे.

या अक्षराने आपला कोणता शब्द सुरू होतो? ॲट्रॉसिटी. ॲट्रॉसिटी कायद्याखालील एखाद्या प्रकरणाची माहिती मराठी फाइलींच्या ढिगातून शोधायला बसलात, तर तुम्ही टाइप केलेला ‘ॲ’ आणि फाइलीतला ‘ॲ’ वेगळा असला की साधा शोध सांगतो, काही सापडले नाही. अन्यायाची नोंद तिथे असते, पण सापडत नाही.

दुसरे दुखणे याहून मोठे. युनिकोड रुळण्यापूर्वी मराठी छपाई खासगी फॉन्टवर चालली, प्रत्येक फॉन्टचे क्रमांक वेगळे. आपल्या चळवळीची नियतकालिके, स्मरणिका, पत्रके, अधिवेशनांचे ठराव याच फॉन्टमध्ये टाइप झाले. त्या फाइली आज उघडल्या की अनेकदा अगम्य चिन्हांची रांग दिसते. आम्ही कार्यकर्त्यांच्या घरी जुनी सामग्री गोळा करायला जातो तेव्हा कागद पिवळा पडलेला असतो तरी वाचता येतो. सीडी धडधाकट असते आणि वाचता येत नाही. आपला इतिहास लिहायला आपल्याला शतके लागली. तो एखाद्या कंपनीच्या फॉन्टमध्ये अडकून पडावा, हे परवडणारे नाही.

भारत सरकारने नोव्हेंबर २०१० मध्ये ई-गव्हर्नन्ससाठी खुल्या मानकांचे धोरण जाहीर केले. मानकाची संहिता फुकट किंवा नाममात्र शुल्कात मिळावी, त्यावर रॉयल्टी नसावी, ते ना-नफा संस्थेकडे असावे, सर्व संबंधितांना भाग घेता यावा आणि लागू असेल तिथे भारतीय राजभाषांना आधार मिळावा, अशा अटी त्यात आहेत. वाचायला सुंदर. पण १९२४ चा ठरावही वाचायला सुंदरच होता.

मग करायचे काय?

२५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत बाबासाहेबांनी सांगितले की संविधान कितीही चांगले असले तरी राबवणारे वाईट निघाले तर ते वाईट ठरेल. त्याच भाषणात त्यांनी आठवण दिली की बसण्याची व्यवस्था, ठराव, गणसंख्या, मतमोजणी, गुप्त मतदान हे सगळे नियम बुद्धाच्या भिक्षुसंघाला माहीत होते. संघाचे नियम कोणा एकाच्या स्मरणात बंद नव्हते. दर पंधरवड्याला सर्वांसमोर म्हटले जात आणि ज्याच्याकडून चूक झाली त्याने ती तिथेच सांगायची. समान, सर्वांसमोर असलेला, पुन्हा पुन्हा तपासला जाणारा नियम ही परकी कल्पना नाही. आपल्या धम्माच्या परंपरेत ती आहे.

म्हणून ‘आणखी एक प्रमाण कशाला’ या प्रश्नाला आमचे उत्तर असे: प्रमाण नाकारून आपण मोकळे होत नाही, मोठ्याच्या रूढीखाली जातो. तेव्हा चार प्रश्न घेऊन मानकापाशी जावे.

काही कामे आजच करता येतील. आपल्या संघटनेचा प्रत्येक ठराव, पत्रक, अंक युनिकोडमध्ये टाइप करा आणि खुल्या स्वरूपात जतन करा. जुन्या फॉन्टमधल्या फाइली रूपांतरित करण्याचे काम प्रत्येक जिल्ह्यात दोन-चार तरुणांनी अंगावर घ्या. भारतीय मानक ब्यूरो मानकांचे मसुदे लोकांच्या अभिप्रायासाठी खुले करते. आपल्यातील अभियंते, वकील, भाषेचे अभ्यासक यांनी ते वाचून लेखी हरकती पाठवा. शासनाचे एखादे संकेतस्थळ एकाच कंपनीच्या सॉफ्टवेअरवर चालत असेल, तर २०१० च्या धोरणाचा हवाला देऊन माहिती अधिकारात कारण विचारा. आणि संगणकशास्त्र शिकणाऱ्या आपल्या मुलामुलींना नोकरीच्या तयारीबरोबर हेही सांगा की ओपन सोर्सच्या जगात जात विचारणारा दरवान दाराशी नसेल, पण आतल्या खुर्च्या आपोआप रिकाम्या होत नाहीत.

इयन मर्डॉक त्या खुर्चीवर जाऊन बसले. आपल्यातून कोण बसणार, हे आपण ठरवायचे आहे.

जय भीम! नमो बुद्धाय!